बॉनेट उघडण्याची सवय

३० ऑक्टोबर २०२३ या दिवसापासून मुंबईच्या रस्त्यांवर काळ्या-पिवळ्या रंगाची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे दिसेनाशी झाली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात झाली होती आणि मुंबईत टॅक्सीला घालून दिलेली वीस वर्षांची मर्यादा तेव्हा पुरी झाली. वर्तमानपत्रांनी छायाचित्रे छापली, जुन्या मुंबईकरांनी हळहळ व्यक्त केली. त्या हळहळीत एका गोष्टीचा उल्लेख मात्र फारसा झाला नाही. उपनगरांतल्या रविवार सकाळची एक सवय पद्मिनीच्या आधारानेच जगत होती, आणि ती टॅक्सीच्या कितीतरी आधी मोडली होती. घरच्या माणसाने सोसायटीच्या आवारात गाडीचे बॉनेट उघडावे, हाताला काळे लावून घ्यावे आणि तासाभराने समाधानाने चहाला वर यावे, अशी ती सवय.

पद्मिनी कुर्ल्यात जन्मली. घाटकोपरहून दोन स्थानकांवर असलेल्या कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा कारखाना होता, आणि त्याची स्थापना १९४४ साली शेठ वालचंद हिराचंद दोशी यांनी केली होती. सोलापूरच्या दिगंबर जैन व्यापारी कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या या उद्योगपतीची जहाजे, विमाने आणि साखर कारखाने यांची कथा समाजातील वाचकांना परिचित आहे. मोटारीची कथा त्यामानाने कमी सांगितली जाते. भारतात मोटार तयार व्हावी यासाठी वालचंदशेठनी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून खटपट चालवली होती. युद्धकाळात परकीय सरकारने त्या खटपटीला पाठबळ दिले नाही. अखेर क्रायस्लर या अमेरिकन कंपनीच्या सहकार्याने १९४७ साली कुर्ल्यातून पहिली वाहने बाहेर पडली. त्यानंतर इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. मुंबईकर ज्या गाडीला पुढे अनेक वर्षे नुसतेच ‘फियाट’ म्हणत राहिले ती अकराशे क्रमांकाची गाडी १९५४ साली आली; वालचंदशेठ त्याच्या आदल्याच वर्षी निवर्तले होते. चितोडच्या राणी पद्मिनीचे नाव तिला मिळाले ते १९७४ साली.

भुलेश्वर, काळबादेवी, मस्जिद बंदर येथील पेढ्यांवर व्यापार करणारी अनेक कुटुंबे याच दशकांत घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, अंधेरी येथे राहायला आली. पेढी दक्षिणेला राहिली आणि घर उत्तरेला गेले. नवी गाडी नोंदवून ती हाती पडायला तेव्हा वर्षेच्या वर्षे लागत. इतक्या प्रतीक्षेनंतर आलेली गाडी घरातल्या माणसासारखी जपली जाई, यात नवल नाही. शिवाय ती जपता येण्यासारखीही होती. पद्मिनीचे १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन बॉनेट उघडल्यावर अंगणातल्या विहिरीसारखे सरळ दिसे. कोणता भाग काय करतो हे बोट ठेवून मुलाला सांगता येत असे.

गाडी सुरू होत नाही, तर शोध तीनच ठिकाणी घ्यायचा: ठिणगी, पेट्रोल आणि हवा. प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग पाहिला की इंजिनाची प्रकृती कळे. टोक काजळीने काळे असेल तर पेट्रोल जास्त जात आहे, तपकिरी असेल तर सारे ठीक, पांढुरके पडले असेल तर इंजिन अधिक तापते आहे. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून आतले पॉइंट पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासले, फटीचे माप पाहिले, की बंद पडलेली गाडी पुष्कळदा लगेच बोलू लागे. कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकला तर तोंडाने फुंकर मारून तो काढणारेही होते. पेट्रोलची ती चव कोणी विसरत नसे, आणि ती कृती शहाणपणाची नव्हती हेही खरे. मे महिन्यात खंडाळ्याचा घाट चढताना पेट्रोल पंपातच वाफ धरून गाडी थांबे. तेव्हा पंपावर ओले फडके ठेवून दहा मिनिटे वाट पाहणे हा सर्वमान्य इलाज होता. डिकीत पाण्याचा डबा, एक जादा फॅन बेल्ट, प्लग पाना आणि जुनी चादर असल्याशिवाय गाडी पुण्याच्या रस्त्याला लागत नसे.

या आठवणींना सोनेरी मुलामा देण्याचे कारण नाही. त्या गाड्या वरचेवर बंद पडत, म्हणूनच माणसे शिकली. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि न कुरकुरता चालणारी गाडी म्हणजे काय ते मध्यमवर्गाला कळले. सन २००० च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्बोरेटर आणि पॉइंट गेले, त्यांच्या जागी इंजेक्टर, सेन्सर आणि संगणकाची पेटी आली. आता बॉनेट उघडले की प्लास्टिकचे एक काळे आवरण दिसते. बहुतेक मालक ते पाहून बॉनेट बंद करतात आणि पुढे वर्षभर उघडत नाहीत.

घोटाळा इथेच होतो. आजच्या गाडीत घरच्या माणसाने करण्याजोगी दुरुस्ती फार थोडी उरली आहे. पण पाहण्याजोगे पुष्कळ आहे, आणि जे पाहायचे राहून जाते त्याची किंमत पद्मिनीच्या काळापेक्षा मोठी आहे. पद्मिनी बंद पडे ती बहुधा भर बाजारात किंवा घाटाच्या चढणीवर, ताशी तीस किलोमीटरच्या वेगात. आजच्या गाडीचा टायर फुटतो तो द्रुतगती मार्गावर, ताशी शंभरच्या वेगात, आणि आत तीन पिढ्या बसलेल्या असतात.

उपनगरातल्या गाडीचे दुखणे बहुधा बॅटरीपासून सुरू होते. त्याचे कारण मुंबईच्या दिनक्रमात आहे. सोमवार ते शनिवार पेढीवर जायचे ते लोकलने, कारण सकाळच्या वेळी मुलुंडहून मस्जिदला गाडीने जाणे शहाण्याचे काम नव्हे. गाडी आवारात उभी राहते आणि रविवारी देरासर, सासुरवाडी किंवा एखादे लग्न एवढ्यापुरती निघते. उभ्या गाडीतही घड्याळ, गजर, संगणकाची पेटी, नंतर बसवून घेतलेला कॅमेरा हे सारे थोडी थोडी वीज पीतच असतात. पंधरा दिवसांनी किल्ली फिरवली की ‘टक्‌ टक्‌’ एवढाच आवाज येतो. गाडी जागच्या जागी दहा मिनिटे सुरू ठेवल्याने बॅटरी भरते ही समजूत चुकीची आहे. सुरू करताना गेलेली वीजदेखील कधीकधी तेवढ्यात भरून निघत नाही. आठवड्यातून एकदा सलग अर्धा-पाऊण तास गाडी फिरवणे हा खरा उपाय. ते शक्य नसेल तर घरच्या विजेवर चालणारा लहान चार्जर घ्यावा.

विजेच्या सामानाच्या दुकानात काही शे रुपयांत मिळणारा मल्टिमीटर प्रत्येक घरात असावा. गाडी काही तास बंद राहिल्यानंतर बॅटरीच्या दोन टोकांवर तो लावला की १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला पाहिजे. १२.२ च्या खाली आकडा वारंवार येऊ लागला तर बॅटरी अर्धी रिकामी आहे असे समजावे. इंजिन चालू असताना तोच आकडा साधारणपणे १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावा. तो १२ वरच अडकला असेल तर दोष बहुधा बॅटरीत नसतो, अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासावा लागतो. एवढे पाहून गॅरेजला गेलेल्या ग्राहकाच्या गळ्यात नको असलेली नवी बॅटरी सहसा मारली जात नाही. टोकांवर साचलेला पांढरा-हिरवा क्षार कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावा, कोरडे करावे आणि वर पेट्रोलियम जेली लावावी. बॅटरी सोडवताना ऋण टोक आधी काढावे, जोडताना ते शेवटी जोडावे. पान्याचा स्पर्श चुकून पत्र्याला झाला तरी ठिणगी उडत नाही.

शेजाऱ्याच्या गाडीवरून जंपर केबलने गाडी सुरू करण्याचा प्रसंग प्रत्येक सोसायटीत येतो आणि बहुतेक वेळा वायरी घाईने, अंदाजाने लावल्या जातात. तांबडी वायर आधी मृत बॅटरीच्या धन टोकाला, तिचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि तिचे उरलेले टोक बंद गाडीच्या इंजिनावरील एखाद्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघत असतो. म्हणून ही ठिणगी बॅटरीजवळ नको. गाडीच्या पुस्तिकेत यासाठी वेगळी जागा दाखवलेली असेल तर तीच पाळावी.

उभ्या गाडीचा दुसरा शत्रू उंदीर. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या जुन्या सोसायट्यांत, विशेषतः तळमजल्यावर दुकाने किंवा धान्याची गोदामे असतील तेथे, पावसाळा सुरू झाला की उंदीर कोरडी उबदार जागा शोधत बॉनेटखाली शिरतात आणि वायरींची आवरणे कुरतडतात. एका रात्रीत पाच-सहा वायरी तुटल्या की बिल हजारांत जाते. येथे दुकानदार विष किंवा चिकट सापळा सुचवतो. जैन घरात ही गोष्ट कोणाच्या मनाला येत नाही, आणि व्यवहाराच्या दृष्टीनेही ती वाईटच आहे: विष खाल्लेला उंदीर वातानुकूलन यंत्राच्या नळीत जाऊन मेला तर महिनाभर गाडीत बसवत नाही. त्यापेक्षा त्याला येऊच न देणे सोपे. गाडीत खाखरे, फरसाण, प्रवासातले डबे ठेवू नयेत. सीटच्या फटीतले कण साफ करावेत. कचऱ्याच्या डब्यांपासून गाडी दूर लावावी. दोन-तीन दिवसांतून एकदा तरी ती हलवावी, कारण उंदीर वापरातल्या गाडीत सहसा बिऱ्हाड करत नाही. हवा आत जाण्याच्या तोंडावर बारीक लोखंडी जाळी बसवून घेता येते. डांबराच्या गोळ्या टाकणारे पुष्कळ आहेत. त्यांचा वास लवकर विरतो आणि विरेपर्यंत घरच्यांनाच सोसावा लागतो. सकाळी बॉनेटखाली लेंड्या, कागदाचे तुकडे, कुरतडलेला स्पंज दिसला किंवा पेट्रोलचा वास आला तर किल्लीला हात लावू नये. पेट्रोलची नळी कुरतडलेली असू शकते.

याच कारणासाठी गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोनदा थाप मारण्याची सवय मुलांना लावावी. आदल्या रात्री आलेल्या गाडीचे इंजिन पहाटेपर्यंत उबदार असते, आणि आवारातली मांजरे व त्यांची पिल्ले चाकाच्या वरच्या पोकळीत किंवा थेट पंख्याच्या पट्ट्याजवळ झोपतात. थाप ऐकून ती निघून जातात.

उन्हाळ्यात लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या कोंडीत तासभर रांगत गेल्यावर तापमानाचा काटा वर चढताना दिसतो. कूलंटच्या पारदर्शक डब्यावर किमान आणि कमाल अशा दोन रेषा असतात. इंजिन थंड असताना पातळी त्यांच्या मध्ये हवी. ती पुन्हापुन्हा खाली जात असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि वरून पाणी ओतत राहणे हा इलाज नव्हे. नळाच्या पाण्याने आत क्षार धरतात, तयार मिळणारे कूलंटच घालावे. काटा लाल रेषेकडे निघाला तर वातानुकूलन बंद करावे आणि हीटर पूर्ण क्षमतेने सुरू करावा. मुंबईत हीटरचा उपयोग बहुधा एवढाच: इंजिनाची उष्णता थोडी आत ओढली जाते, घाम फुटतो, पण इंजिन वाचते. मग सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे आणि किमान अर्धा तास झाकणाला हात लावू नये. आतले पाणी दाबाखाली असते; झाकण सैल होताच ते उकळत्या फवाऱ्याने तोंडावर येते. अनेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा इंजिन बंद झाल्यावरही आपोआप फिरू लागतो. ओढणी, पदर, बाहीची टोके बॉनेटखाली वाकताना आवरून घ्यावीत.

टायरच्या बाबतीत व्यापारी कुटुंबांची एक सवय बदलण्याची गरज आहे. जोवर चालतो तोवर चालवावा, हा हिशेब कापडाच्या ठाणाला लागू पडतो, टायरला नाही. नक्षीच्या खोबणीत रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की उरलेली खोली १.६ मिलिमीटर असते आणि कायद्याने टायर तेथे संपतो. कमी चालणाऱ्या उपनगरी गाडीत नक्षी शाबूत असते, पण रबर वयाने कडक होते. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षे झालेला टायर दिसायला नवा असला तरी तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय लांबच्या प्रवासाला नेऊ नये. हवेचा दाब टायर थंड असताना, म्हणजे सकाळी निघतानाच पाहायचा. कंपनीने ठरवलेला आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर छापलेला असतो, आणि पूर्ण भारासाठी तेथे वेगळा, जास्त आकडा दिलेला असतो. पालिताणा, कुंभोज किंवा शिर्डीला सात माणसे आणि सामान घेऊन निघालेल्या कुटुंबाने तो दुसरा आकडा वाचलेला असतोच असे नाही. कमी हवेचा टायर भाराखाली आत-बाहेर वाकतो, वाकून तापतो आणि तापून फुटतो. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यानंतर प्रवेशद्वारांवर टायर तपासण्याची मोहीम परिवहन खात्याला हाती घ्यावी लागली, ती याचमुळे. स्टेपनीत हवा आहे की नाही हे पंक्चर झाल्यावर कळून उपयोग नसतो.

चाक बदलताना जमीन सपाट व टणक हवी, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, आणि कोपऱ्यात समोरासमोर येणाऱ्या चाकाला दगडाची उटी. नट थोडे सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच, मग जॅक. आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणत्याही कारणाने, क्षणभरही, अंगाचा कोणताही भाग घालू नये. गाडीबरोबर येणारा जॅक केवळ चाक बदलण्यापुरता असतो. तो घसरला तर टनभर वजन खाली येते. घरच्या मेकॅनिकांचे सर्वांत वाईट अपघात याच एका चुकीतून झाले आहेत. द्रुतगती मार्गावर तर रहदारीच्या बाजूचे चाक स्वतः बदलूच नये. सर्वांना गाडीतून उतरवून कठड्याच्या पलीकडे उभे करावे आणि मदत मागवावी.

आता पावसाळा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी नदी कुर्ला, कलिना भागांत रस्त्यांवर आली. त्या दिवशी बंद गाडीत अडकून काही जणांनी प्राण गमावले. विजेवर चालणाऱ्या काचा पाण्यात बंद पडतात आणि दारावर बाहेरून पाण्याचा दाब असतो. आतल्या माणसाला ते ढकलता येत नाही. या गोष्टीला वीस वर्षे उलटली, तरी अंधेरीचा सबवे दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो आणि दर पावसाळ्यात कोणी ना कोणी ‘निघून जाईल’ म्हणून गाडी त्यात घालतोच.

निघणार नाही, असे गृहीत धरावे. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत दिसत असेल तर मागे फिरावे. तुंबलेल्या भागातून जाणे भागच असेल तर पाणी लागण्यापूर्वीच काच खाली घ्यावी आणि दारांचे कुलूप उघडे ठेवावे. पहिल्या गिअरमध्ये, एकाच गतीने, समोरच्या वाहनाच्या लाटेपासून अंतर राखून जावे. गाडी मध्येच बंद पडली आणि पाणी चढू लागले तर सामान, कागदपत्रे, गाडी यांचा विचार न करता लगेच काचेतून बाहेर पडावे. काच अडकली तर सीटवरची डोके टेकायची उशी ओढून काढावी. तिच्या खालच्या लोखंडी सळईने बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर घाव घालावा. पुढची मोठी काच दोन थरांची असते, ती तडकते पण सहसा फुटून पडत नाही. तिच्यावर शक्ती घालवू नये. काच फोडण्याची छोटी हातोडी बाजारात मिळते. ती डिकीत ठेवू नये, हाताशी ठेवावी.

पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा सेल्फ मारणे ही दुसरी चूक, आणि पैशाच्या दृष्टीने सर्वांत महागडी. इंजिन हवा दाबण्यासाठी घडवलेले असते. पाणी दाबले जात नाही. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असताना किल्ली फिरवली की पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी इंजिनाच्या भिंतीलाच भोक पडते. पाणी आत शिरणे हा अपघात आहे, पण त्यानंतर किल्ली फिरवणे हा मालकाचा निष्काळजीपणा समजून विमा कंपन्या इंजिनाचा दावा बहुधा नाकारतात. साध्या विम्यात इंजिनाचे असे नुकसान सहसा धरलेलेच नसते. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. मुंबईत राहून ते न घेणे ही काटकसर नव्हे. गाडी ढकलून उंच जागी न्यावी, पाण्याची पातळी दिसेल अशी छायाचित्रे काढावीत, विमा कंपनीला कळवावे आणि टोचन करूनच गॅरेजला न्यावी. रात्री आवारात पाणी भरले आणि सकाळी ओसरले, तरी आधी एअर फिल्टरची पेटी उघडून पाहावी. कागदी फिल्टर ओला असेल किंवा डिपस्टिकवरचे ऑईल दुधाळ दिसत असेल तर गाडी सुरू करायची नाही.

वायपरचे रबर जूनपूर्वी बदलावे. काचेच्या खाली साचलेली पिंपळाची पाने काढावीत, नाहीतर पाणी आत पायदानावर येते. पाण्यातून आल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून सुकवावेत. याहून अधिक त्यात काही नाही.

काही ठिकाणी घरच्या हाताने थांबलेच पाहिजे. ब्रेकच्या तेलाची पातळी पाहावी, ब्रेक उघडू नये. ते तेल हवेतला ओलावा शोषते, म्हणून साधारण दोन वर्षांनी गॅरेजमधून बदलून घ्यावे. स्टिअरिंगखालच्या पिवळ्या वायरी एअरबॅगच्या असतात. हायब्रिड आणि विजेवरच्या गाडीतील नारिंगी जाड वायरींत प्राणघातक दाब असतो. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी अधिकृत केंद्रात दाबचाचणी करून घ्यावी लागते. गॅसचा वास आला तर झडप बंद करून दूर व्हावे, साबणाचे पाणी लावून गळती शोधत बसू नये.

उरलेली गोष्ट हिशेबाची आहे, आणि ती या वाचकांना शिकवण्याची गरज नाही. फक्त पेढीवरची शिस्त गाडीला लावायची आहे. एक जाड पुठ्ठ्याची वही करावी. तारीख, किलोमीटरचा आकडा, काय केले, कोणता भाग बदलला, किती दिले. कमी चालणाऱ्या गाडीच्या मालकाला वाटते की दहा हजार किलोमीटर झाल्याशिवाय ऑईल बदलायचे नाही. पुस्तिकेत बहुधा ‘दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते’ असे लिहिलेले असते, आणि उपनगरातल्या गाडीचे वर्ष आधी भरते. ऑईल समोर उभे राहून, सीलबंद डबा उघडायला लावून बदलून घ्यावे. रिकाम्या डब्याला भोक पाडून टाकावे, म्हणजे त्यात भेसळीचे ऑईल भरून तो पुन्हा बाजारात येत नाही. काढलेले काळे ऑईल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये. ते गोळा करणाऱ्या गॅरेजकडेच द्यावे. बदललेले जुने भाग मागून घ्यावेत, बिल पक्के घ्यावे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर अर्ध्या किमतीत भाग मिळतात. आरसा, दाराची मूठ, दिव्याची काच तेथून घ्यायला हरकत नाही, ब्रेक पॅड मात्र तेथून घेऊ नयेत.

वही भरण्याचे काम घरातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला द्यावे. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिने बॉनेट उघडायचे, डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवून पातळी पाहायची, कूलंटची रेषा, बॅटरीचा आकडा आणि पाचही टायरांची हवा लिहायची. गाडी सपाट जागी उभी हवी आणि इंजिन बंद होऊन दहा मिनिटे झालेली हवीत, एवढेच तिला सांगून ठेवावे. काम वीस मिनिटांचे आहे. पुढे गाडी विकायची वेळ आली की ती वही किल्लीबरोबर नव्या मालकाच्या हाती द्यावी.